४८ व्होल्टच्या शिडाच्या बोटीवर १२ व्होल्टची उपकरणं: चार सेलवरून वायर का काढू नये आणि त्याऐवजी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: तीस फुटी शिडाची बोट आहे. डिझेल इंजिन काढून ४८ व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर बसवली आहे. बॅटरी बँक लिथियम आयर्न फॉस्फेटची, १६ सेल सिरीजमध्ये, २०० अँपिअर-तास. दिवे, व्हीएचएफ रेडिओ, चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा), फ्रिज, ऑटोपायलट, पंप, नांगर ओढणारं विंडलास हे सगळं मात्र १२ व्होल्टचं आहे. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, खालच्या चार सेलवरून वायर काढली की १२.८ व्होल्ट मिळतात, कन्व्हर्टरचा खर्च वाचतो. असं केलं तर चालेल का?

नाही. आणि कारण नीट समजून घ्या, कारण सोळा सेलची बँक असो की १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडलेली लेड-ॲसिडची, हा सल्ला कुणी ना कुणी देतंच.

या बोटीवर दिवसा प्रवास आणि रात्री नांगरावर मुक्काम अशा एका दिवसाचा १२ व्होल्टचा हिशेब मांडू. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो आणि आपल्याकडच्या उकाड्यात निम्मा वेळ चालतो, म्हणजे ५४० वॅट-तास. प्लॉटर व इतर यंत्रं १५ वॅटने दहा तास, १५० वॅट-तास. ऑटोपायलट सरासरी १५ वॅटने आठ तास, १२०. दोन पंखे रात्रभर, ९६. व्हीएचएफ नुसतं ऐकण्यावर ठेवलं तरी ६०. केबिनचे दिवे ४०, मोबाइल ४०, एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारी यंत्रणा) ३०, नांगरदिवा २२, पाण्याचा पंप १५. बेरीज ११०० वॅट-तासांच्या थोडी वर जाते. १२.८ व्होल्टला हे ८६ अँपिअर-तास झाले. चार सेलवरून घेतले तर त्या चार सेलमधून एका दिवसात ४३ टक्के चार्ज गेला आणि उरलेल्या बारांमधून शून्य.

बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं, गरज पडली तर बँक तोडणारं सर्किट) हे सावरून घेईल असं वाटत असेल तर त्याचाही हिशेब करा. साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग करंट ०.१ अँपिअरच्या आसपास असतो. ८६ अँपिअर-तासांचा फरक त्याने भरून काढायला ८६० तास, म्हणजे पस्तीसेक दिवस. तोवर तुम्ही रोज नव्याने ८६ काढताय. दोन-तीन दिवसांत ते चार सेल तळाला जातात आणि बीएमएस सगळी बँक तोडतं, बाकीचे बारा सेल भरलेले असूनही. चार्जिंगला लावलं की उलटं होतं: ते बारा सेल ३.६५ व्होल्टला पोहोचतात आणि चार्जिंग थांबतं, खालचे चार अर्धेच राहतात. लेड-ॲसिडमध्ये तोडायला बीएमएसही नसतं. चार्जर फक्त चारही बॅटऱ्यांची बेरीज बघतो, त्यामुळे एक बॅटरी कायम उपाशी राहून सल्फेट होते आणि तिच्या तीन बहिणी जास्त चार्ज होऊन पाणी उडवतात.

दुसरी एक चूक याहून धोक्याची आहे. कुणी खालच्याऐवजी मधले किंवा वरचे चार सेल निवडले, तर तुमच्या '१२ व्होल्ट'चा मायनस प्रत्यक्षात बँकेच्या मायनसपेक्षा १३ ते ४० व्होल्ट वर असतो. व्हीएचएफच्या अँटेना केबलची जाळी डोलकाठीला टेकलेली असते, डोलकाठी बोटीच्या ग्राउंडला. बँकेचा मायनसही त्याच ग्राउंडला असेल तर तेवढ्यावर शॉर्ट पूर्ण होतो.

तेव्हा ४८ ते १२ व्होल्टचा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागणारच. पण नुसता कन्व्हर्टर लावून थांबू नका, त्याच्यापुढे १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी ठेवा. माझ्या मते या सगळ्या कामातला हाच मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. लिथियम बँकेचं बीएमएस सगळं एका झटक्यात तोडतं: सेल तळाला गेला, तापला, एखादी सेन्स वायर सैल झाली, कारण काहीही असो. त्या क्षणी मोटर बंद पडते. कन्व्हर्टर त्याच बँकेवर एकटा असेल तर त्याच क्षणी दिवे, व्हीएचएफ आणि बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंपही जातात. बंदराच्या तोंडाशी, ओहोटीच्या ओढीत, अंधारात मोटर गेली तर तुम्हाला सगळ्यांत आधी रेडिओ लागतो. बाजारातली बरीच तयार रेखाचित्रं ही बॅटरी गाळतात, कारण एक वस्तू कमी दिसते. गाळू नका.

तिचा दुसरा फायदा रोजचा आहे. वरच्या हिशेबात दिवसाची सरासरी ४६ वॅट, म्हणजे चार अँपिअरही नाही. पण एकाच वेळी फ्रिजने सुरू होताना ८-१० अँपिअर ओढले, व्हीएचएफने २५ वॅटवर बोलताना ५-६, पाण्याच्या पंपाने ६, ऑटोपायलटने सुकाणू जोरात फिरवताना ५, बिल्ज पंपाने ४, की तीस अँपिअर होतात. बॅटरी असा झटका पचवते. कन्व्हर्टर पचवत नाही: मर्यादा आली की तो व्होल्टेज पाडतो, आणि प्लॉटर रीस्टार्ट होतो. 'नळ उघडला की प्लॉटर बंद पडतो' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. मध्ये बॅटरी असेल तर २० अँपिअरचा, २४० वॅटचा कन्व्हर्टर या बोटीला पुरून उरतो. बॅटरीशिवाय ३० अँपिअरचाही तोकडा पडेल.

बॅटरी केवढी? मोटर गेल्यावर जे चालू राहायला हवं तेवढंच मोजा: व्हीएचएफ ५ वॅट, एआयएस ३, एलईडी नेव्हिगेशन दिवे ५, प्लॉटर १५. एकूण २८ वॅट. ५० अँपिअर-तासांची १२.८ व्होल्टची लिथियम बॅटरी ऐंशी टक्के वापरली तर ५१२ वॅट-तास देते, म्हणजे अठरा तास. ६० अँपिअर-तासांची एजीएम (बंदिस्त लेड-ॲसिड) निम्मी वापरली तर तेरा तास. दोन्ही चालतात. फ्रिजसाठी मोठी बॅटरी घेऊ नका, अशा वेळी फ्रिज बंद करायचा असतो.

आता कन्व्हर्टर निवडताना. सोळा सेलची बँक पूर्ण चार्जला ५८.४ व्होल्टला जाते आणि बीएमएस तोडेपर्यंत ४० ते ४४ पर्यंत उतरते. '४८ व्होल्ट' एवढंच लिहिलेलं बघून घेऊ नका. इनपुट किमान ४० ते ७० व्होल्ट चालणारा हवा. वरचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण शिडावर वेगाने जाताना प्रोपेलर फिरून मोटर जनरेटर बनते. बँक भरलेली असताना बीएमएसने तिला तोडलं, तर त्या विजेला जायला जागा राहत नाही आणि लाइनचं व्होल्टेज उसळतं. इलेक्ट्रिक रिक्षासाठी मिळणारे स्वस्त कन्व्हर्टर बहुतेक अशाच वेळी मरतात. उपाय दोन: कन्व्हर्टरला ७० व्होल्टपर्यंत सोसता यावं, आणि बँक ९५ टक्क्यांच्या वर असेल तर मोटर कंट्रोलरमधलं रीजनरेशन बंद ठेवावं.

कन्व्हर्टर आयसोलेटेड घ्या, म्हणजे आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे ४८ आणि १२ व्होल्टचे मायनस एकमेकांना जोडलेले नसतात. उदाहरणार्थ व्हिक्ट्रॉनच्या ओरायन-टीआर मालिकेत ४८/१२ चे आयसोलेटेड कन्व्हर्टर ९, २० आणि ३० अँपिअरमध्ये मिळतात, इनपुट ३२ ते ७० व्होल्ट. इतर कंपन्यांचेही आहेत, पण इनपुटची रेंज, आयसोलेशन आणि आउटपुट व्होल्टेज बदलण्याची सोय या तीन गोष्टी पत्रकात वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. चौथी गोष्ट म्हणजे बिनलोडचा वापर. समजा रिकामा कन्व्हर्टर ५० मिलिअँपिअर घेतो. ५१ व्होल्टला हे अडीच वॅट, म्हणजे दिवसाला ६० वॅट-तास. बोट महिनाभर मूरिंगवर उभी राहिली तर १.८ किलोवॅट-तास, बँकेचा सहावा हिस्सा कुणी काही न वापरता संपला. म्हणून रिमोट ऑन-ऑफची पिन असलेलाच घ्या.

आयसोलेशनचा खरा उपयोग खाऱ्या पाण्यात कळतो. ४८ व्होल्टची बाजू पूर्ण तरंगती ठेवायची, बोटीच्या ग्राउंडला कुठेही न जोडता, आणि १२ व्होल्टचा मायनस एकाच जागी ग्राउंडला. मग ४८ च्या एखाद्या वायरीचं कव्हर बिल्जमध्ये घासून उघडं पडलं तरी करंटला परतीचा मार्ग मिळत नाही. नॉन-आयसोलेटेड कन्व्हर्टरमध्ये दोन्ही मायनस एक होतात आणि तीच गळती शाफ्ट, प्रोपेलर व थ्रू-हल (बोटीच्या बुडातून आरपार जाणारी) फिटिंग खायला लागते. अशा स्ट्रे करंटने पितळी फिटिंग काही आठवड्यांत निकामी होऊ शकतं. मात्र मोटर किंवा कंट्रोलर बनवणाऱ्याने ४८ चा मायनस ग्राउंडला जोडायला स्पष्ट सांगितलं असेल, तर त्याचंच ऐका.

जोडणी कुठे करायची यात हमखास चूक होते. बऱ्याच बीएमएसमध्ये तोडणारा भाग मायनसच्या लाइनमध्ये असतो: एका बाजूला सेलकडची बी-मायनस, दुसरीकडे लोडकडची पी-मायनस. कन्व्हर्टरचा मायनस बी-मायनसला लावला तर बीएमएसने मोटर तोडल्यावरही कन्व्हर्टर सेल पिळत राहतो, आणि २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत भरवशाचा राहत नाही. कन्व्हर्टर पी-मायनसच्या बाजूला, आणि बॅटरी मॉनिटरचा शंट (करंट मोजणारी पट्टी) असेल तर त्याच्याही लोडच्या बाजूला. शंटच्या अलीकडे जोडलात तर मॉनिटरवर ८० टक्के दिसेल आणि बँक प्रत्यक्षात ६० वर असेल.

फ्यूज हा भाग घाईत उरकू नका. गाडीच्या ब्लेड फ्यूजवर बारीक अक्षरात ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं. ५० व्होल्ट डीसीवर तो उडतो, पण आत लागलेली ठिणगी विझेलच याची खात्री नसते, आणि मग फ्यूजच पेटतो. घरचा एसी एमसीबी इथे चालत नाही. डीसी एमसीबीही बरेच पोलॅरिटीवर अवलंबून असतात, उलटे लावले तर ठिणगी विझवत नाहीत. या बँकेचा शॉर्ट सर्किट करंट हजारो अँपिअर असतो, म्हणून बँकेच्या मुख्य पॉझिटिव्हला क्लास-टी फ्यूज हवा, ज्याची तोडण्याची क्षमता २०,००० अँपिअर आहे. टर्मिनलवरच बसणारे छोटे चौकोनी फ्यूज ५८ व्होल्टपर्यंतचे असतात, पण त्या व्होल्टेजला ते फक्त २,००० अँपिअर तोडू शकतात. शिवाय ५८.४ ला चार्ज करणाऱ्या बँकेवर मर्यादा आधीच ओलांडलेली. तसंही चार्जर ५६-५७ व्होल्टला लावावा, सेल जास्त टिकतात.

कन्व्हर्टरच्या फाट्यासाठी सगळ्यांत सोपी आणि आपल्याकडे सहज मिळणारी वस्तू म्हणजे सोलरच्या कामातला १० × ३८ मिमीचा जीपीव्ही फ्यूज, १००० व्होल्ट डीसीचा. होल्डर डिन रेलवर बसतो. आकार असा काढा: २४० वॅट, कार्यक्षमता ८८ टक्के, बँक सर्वांत खाली ४४ व्होल्टला. करंट ६.२ अँपिअर येतो. म्हणून फ्यूज १० अँपिअरचा आणि वायर ४ स्क्वेअर मिमीची. होल्डर लोड चालू असताना उघडायचा नाही, आधी कन्व्हर्टर रिमोटने बंद करायचा. अमेरिकेच्या एबीवायसी मानकाप्रमाणे फ्यूज जोडणीच्या जागेपासून ७ इंचांच्या आत असावा. वायर थेट बॅटरीला लागत असेल आणि नळीतून नेली असेल तर ७२ इंचांपर्यंत सूट आहे. जमेल तितका जवळच बसवा.

१२ च्या बाजूला २० अँपिअरसाठी दोन मीटर अंतर, जाऊन-येऊन चार मीटर, ६ स्क्वेअरची टिनची कल्हई केलेली तांब्याची केबल घेतली तर ०.२३ व्होल्ट पडतात, दोन टक्क्यांच्या आत. या केबलचा ३० अँपिअरचा फ्यूज कन्व्हर्टरकडे लावू नका, १२ च्या बॅटरीकडे लावा. शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर बॅटरी देणार आहे, कन्व्हर्टर नाही. नेव्हिगेशन दिव्यांसाठी व्होल्टेज ड्रॉप ३ टक्क्यांत ठेवतात. डोलकाठीच्या टोकापर्यंत २० मीटर, म्हणजे ४० मीटर वायर, दीड स्क्वेअरची: पाव अँपिअरच्या एलईडीला ०.१२ व्होल्ट पडतात, काही बिघडत नाही. त्याच वायरीवर जुना २५ वॅटचा बल्ब लावला तर जवळजवळ एक व्होल्ट जातो, म्हणजे आठ टक्के. काठी उतरवून वायर बदलण्याआधी दिवा बदला. दिव्यांच्या स्विचबद्दलही एक गोष्ट: डोलकाठीवरचा तिरंगी दिवा फक्त शिडावर असताना लावायचा. मोटर चालू झाली की, ती आवाज करो वा न करो, तुमची बोट नियमांनुसार पॉवर-ड्रिव्हन ठरते. मग खालचे बाजूचे दिवे, मागचा दिवा आणि स्टीमिंग दिवा. दोन्ही एकदम लागणार नाहीत असा स्विच घ्या.

बिल्ज पंप मेन स्विचमधून नेऊ नका. स्वतःच्या फ्यूजसह थेट १२ च्या बॅटरीला जोडा, नाहीतर बोट बंद करून घरी गेल्यावर पंपही बंद.

विंडलासचा विषय वेगळा. १००० वॅटचं विंडलास १२ व्होल्टला ८० अँपिअर ओढतं. २० अँपिअरच्या कन्व्हर्टरने ते चालणार नाही, आणि ५० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीचं बीएमएसही बऱ्याचदा ५० अँपिअरला तोडतं, नेमका नांगर सुटला असताना. म्हणून विंडलास असेल तर १२ ची बॅटरी एजीएमच घ्या, जाड प्लेटची, आणि विंडलासला स्वतःचा ब्रेकर द्या. नांगर वर यायला तीन मिनिटं धरली तरी ४ अँपिअर-तासच जातात, कन्व्हर्टर ते पंधरावीस मिनिटांत भरून काढतो.

आउटपुट व्होल्टेज किती लावायचं? एजीएमसाठी १३.५, आणि बॅटरीच्या खणात कायम ३५ अंशांच्या वर असेल तर १३.३. लिथियमला १३.५ चालतं, पण बोटीवर १२ व्होल्टचं सोलर असेल तर १३.२ ठेवा. मग कन्व्हर्टर लिथियम बॅटरीला निम्म्याच्या वर धरून ठेवतो आणि वरचा भाग उन्हासाठी मोकळा राहतो. सोलर कंट्रोलर १४ च्या वर गेला की कन्व्हर्टर आपोआप हात आखडता घेतो. म्हणजे आधी ऊन, मग बँक, वेगळं काही बसवावं न लागता. छोटं सोलर १२ च्या बाजूलाच लावावं असं मी म्हणतो ते याचसाठी. २०० वॅटचं एकटं पॅनेल वीसेक व्होल्ट देतं, त्याने ४८ ची बँक थेट चार्ज होत नाही, पण १२ ची बाजू ते पावसाळा सोडून दिवसाला ६०० ते ८०० वॅट-तासांनी हलकी करतं. ते नसेल तर ११०० वॅट-तासांसाठी बँकेतून सव्वा किलोवॅट-तास जातात. सपाट पाण्यात ताशी चार सागरी मैलांना २ किलोवॅट धरले तर ही ३८ मिनिटांची चाल झाली, अडीच मैलांची. बंदरात परतायला तेवढे मैल राखून ठेवायचे असतील तर रिले असलेला बॅटरी मॉनिटर घेऊन बँक ३० टक्क्यांवर आली की कन्व्हर्टरची रिमोट पिन तोडा. व्होल्टेजवरून हे करू नका, लिथियमचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सारखंच असतं.

मिक्सर, लॅपटॉपचा चार्जर अशा २३० व्होल्टच्या गोष्टींसाठी इन्व्हर्टर ४८ वरच घ्या, १२ वरून नको. दोनदा रूपांतर करून नुकसान कशाला?

बसवण्याची जागा: कन्व्हर्टर कोरड्या, हवेशीर आडोशावर, फिन उभ्या, वरखाली दहा सेंटिमीटर मोकळे. मोटरच्या बंद खणात मे महिन्यात पन्नास अंश सहज होतात. ४० च्या वर दर अंशाला ३ टक्के क्षमता घटणारा २० अँपिअरचा कन्व्हर्टर तिथे १४ चा होतो. कंपासपासून मीटरभर लांब, प्लस-मायनस वायरी एकमेकींना पीळ देऊन. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबलेले, वर गोंद असलेली हीट-श्रिंक. नुसतं सोल्डर केलेला जोड हादऱ्याने सोल्डर संपतं तिथेच तुटतो.

सगळं झाल्यावर, पाण्यात जाण्याआधी तीन तपासण्या. पहिली गळतीची: मल्टिमीटरच्या दोन टोकांत १० किलो-ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा आणि ४८ चा प्लस ते बोटीचं ग्राउंड, मग मायनस ते ग्राउंड मोजा. शून्याजवळ यायला हवं. ५ व्होल्ट दिसले तर अर्धा मिलिअँपिअर कुठेतरी गळतोय. एकेक फाटा सोडवत शोधा, कन्व्हर्टर आणि चार्जर सगळ्यांत आधी. दुसरी: सगळी उपकरणं चालू ठेवून बीएमएस हाताने तोडा. मोटर कंट्रोलर मरायला हवा आणि प्लॉटरने पापणीही लववायला नको. १२ ची बॅटरी कन्व्हर्टरमध्ये उलटी रिकामी होत नाही ना, हे क्लॅम्प मीटरने त्याच वेळी बघा. तिसरी आवाजाची: व्हीएचएफचा स्क्वेल्च (खरखर दाबणारी खुंटी) खरखर जेमतेम थांबेल इतका खाली आणा, चॅनेल १६ वर ठेवा आणि कन्व्हर्टर चालू-बंद करा. चालू असताना खरखर आली तर दोन्ही बाजूंच्या वायरींवर कन्व्हर्टरच्या अगदी जवळ फेराइटची कडी चढवा, वायर तिच्यातून तीन-चार वेढे घालून न्या. तरीही राहिली तर अँटेनाची केबल कन्व्हर्टरच्या जवळून जात असणार, ती बोटीच्या दुसऱ्या बाजूने ओढा.